कुसळं

अंबाजोगाईच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत
मी नळ्यांवर नावं लिहिते.
निळ्या झाकणाच्या नळ्या, आत बोटभर पाणी,
पाण्यात बुडवलेला इवलासा ब्रश.
अक्षर बरं म्हणून मिळालेली नोकरी,
अकरा महिन्यांची.

शिबिर गिरवलीच्या शाळेत झालं, सातवीच्या वर्गात.
फळ्यावर कालचे अपूर्णांक तसेच,
खिडक्यांना सतरंज्या बांधलेल्या,
आणि बाहेर लिंबाखाली पंचविशीच्या आतबाहेरच्या पोरी,
कडेवर लेकरू, एकमेकींना म्हणत,
तू हो पुढं.

बासष्ट नळ्या भरल्या.
सगळ्या गेल्यावर लोमटे सिस्टरनी पडदा ओढला,
म्हणाल्या, तूबी ये गं. तुझंच कामून राहू द्यायचं?
त्रेसष्टाव्या नळीवर मी माझं नाव लिहिलं.
अक्षर बिघडलं.

तीन आठवड्यांनी कागद आला. वर एचपीव्ही,
खाली अकरा नावांपुढे लाल खूण.
शेवटची मी.

त्या रात्री मी मोजत पडले.
लग्नाआधीची नवऱ्याची चाकणमधली तीन वर्षं मोजली,
त्याच्या खोलीतली गादी, ते पाच जोडीदार.
मग लातूरच्या क्लासचं माझं एक वर्षही मोजलं,
जे मी कुणाला, वहीलासुद्धा, सांगितलेलं नाही.
बोट दाखवायला उचललं
की माझ्याकडंच वळायचं.

सकाळी सिस्टरना विचारलं,
हे कुणाकडून आलं असंल?
त्या सुया मोजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,
दिवाळीच्या पुढं गायरानातून गेलीस का कधी?
काठाला कुसळं लागतेत का न्हाईत?
मंग कोणतं कुसळ कोणत्या गवताचं, इचारीत बसतीस का?
चालली तिला लागतं, बाई.
मला लागलं असंल, मोठ्या मॅडमलाबी.
बहुतेक आपोआप गळतेत, वर्षा-दोन वर्षांत, कळतबी न्हाई.
एखादं आत रुततं.
आपल्याला ते एखादं धरायचंय.
जा, कापूस आण.

डोळ्यातल्या कुसळावर म्हण आहे आपल्याकडे,
काठाला लागलेल्यावर नाही.

कापूस आणता आणता लक्षात आलं,
अकरा म्हणजे त्या दिवशी जिच्या काठाला होतं ती ती.
बाकीच्या बावन्न जणींतल्या
कितीकींचं येऊन गेलं, कितीकींचं यायचंय,
कागदाला ते विचारलंच नव्हतं.

आणि त्रेसष्टांत पुरुषाची नळी एकही नाही.
त्यांच्यासाठी अशी नळीच नाही म्हणे.
कुसळ तर धोतरालाही लागतं, पँटलाही,
पण उंबऱ्यात बसून निवडते कोण?

माझ्या मावशीची पिशवी सव्विसाव्या वर्षी काढली,
ऊसतोडीला जायच्या आधी.
पांढरं जातंय, एवढंच म्हणाली होती ती.
तिच्या वाट्याला नळी नाही, ब्रश नाही,
कुसळाची गोष्टही नाही,
थेट पोटाला टाके.

दहा फोन मला करायचे होते.
नवऱ्याने उचलला तर म्हणायचं, शिबिराचं काम आहे, बाईला द्या.
नसीमबीने ऐकलं आणि गप्प ठेवला.
सोजर म्हणाली, आता सासू भांडीच येगळी करील.
नाही करायची गं, म्हणाले,
भांड्याने नाही होत हे,
आणि सासूला सांगच कशाला?

आम्रपाली गोरेचा आवाज इतका बारीक आला
की फोन कानात घालावा लागला.
ताई, खरं सांगा. म्या काय केलं?

सिस्टरसारखं मला बोलता येत नाही.
म्हणाले, चाललीस.
मग म्हणाले, मीबी.

बराच वेळ नुसती मागची कोंबडी ऐकू येत होती.
मी पुढच्या तपासणीची तारीख सांगितली.
ती म्हणाली, तवा सोयाबीनची रास असंल, जमायचं न्हाई.
मी तारीख खोडली,
पुढच्या मंगळवारची लिहिली,
आणि तिच्या नावाखाली,
सावकाश, बऱ्या अक्षरात, माझं.